सात क्लिकांची वाट

“...म्हणजे रोज फक्त दोनच तास?”

“ऊन असलं तर दोन,” केवलनाथबाबा म्हणाले. “मळभ असलं तर एक.”

“आणि झरे सतरा.”

“सतरा.”

“अशानं पावसाळा येईल, बाबा.”

“येऊ दे की. त्यात वाईट काय आहे?”

चुलीपुढं बसलेली गोदाक्का खुदकन हसली. हेरंब हसला नाही. त्याच्यासमोर कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला होता आणि भिंतीवरचा इन्व्हर्टर बारीक आवाजात कुरकुरत होता. आजचे दोन तास संपले होते.

गोष्ट तांबडमाळावरच्या नाथांच्या मठीतली. माळाखाली खोऱ्यात नऊ वाड्या. विजेचा खांब मागच्या वळवात आडवा झाला, तो पुन्हा कुणी उभा केला नव्हता. छपरावर दोन सौर पॅनल आणि ओट्याखाली दोन जुन्या बॅटऱ्या, एवढ्यावर मठीचं भागायचं. गोदाक्का रोज सकाळी शिडी लावून वर चढायची आणि पॅनलवरचं दव ओल्या फडक्यानं पुसून काढायची. ती खालच्या भोकरवाडीची. मठीतला स्वयंपाक तिच्याकडं, आणि ऊनही तिच्याकडं, असं बाबा म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात वाड्यांच्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा बाबांनी काठीनं एक जागा दाखवली होती.

“इथं पूर्वी पाणी होतं. दगड काढून बघा.”

दगड काढले. पाणी आलं.

तेव्हा कुठं लोकांना कळलं. बाबांना त्यांच्या गुरूंनी, थोरल्या बाबांनी, तरुणपणी सगळा डोंगर पायी हिंडवून असे सतरा झरे दाखवले होते. पुढं नळ आले, बोअर आल्या, झऱ्यांवर दरडी आल्या, आणि माणसं ते पाणी विसरून गेली. सगळा ठावठिकाणा आता एकाच डोक्यात उरला होता. ते डोकं चौऱ्याऐंशी वर्षांचं होतं, आणि त्याखालचे गुडघे अंगणापलीकडं जायला तयार नव्हते.

म्हणून हे काम हेरंबकडं आलं.

हेरंब दाबके पुण्याचा. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. लोकांना जिथं चार पायऱ्या चढाव्या लागतात तिथं एकच करून द्यायची, हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हे त्याला माहीत होतं. जरा जास्तच माहीत होतं. गेल्या चैत्रात तो दोन दिवसांसाठी म्हणून मठीत आला आणि दिवाळीनंतर नोकरी सोडून राहायलाच आला. त्याला बाबांचं शिष्य व्हायचं होतं.

बाबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

“झरे तेवढे लिहून घे,” म्हणाले.

आधी वही झाली. पण वहीत ‘मोठ्या दगडाच्या अलीकडं’ असं लिहून काय होणार? त्या डोंगरावर मोठ्या दगडांना तोटा नव्हता. मग हेरंबनं खालच्या शाळेच्या अडगळीत पडलेला कॉम्प्युटर मागून आणला, उघडून साफ केला, त्यात डोंगराचा नकाशा भरला. उंचसखल दाखवणाऱ्या बारीक रेषांसकट.

बाबांनी तो नकाशा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा पडद्याच्या अगदी जवळ सरकले. मग एका रेषेवर बोट ठेवून म्हणाले, “ही आमची सोंडेची वाट.”

तीच होती.

तेव्हापासून रीत पडली. बाबा डोळे मिटून बसायचे. बऱ्याच वेळानं बोलायचे. मग डोळे उघडून पडद्यावर बोट ठेवायचे आणि हेरंब तिथं निळी खूण करायचा.

माघ लागला होता. चैत्रात वाड्यांना पाणी लागणार होतं. आणि नऊ दिवसांत झरे झाले होते चार.

त्या दुपारी हेरंब कॉम्प्युटरच्या मागे लागला. दुपारच्या उन्हात बॅटऱ्यांत जमली तेवढी वीज त्यानं त्यातच घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर त्यानं बाबांना हाताला धरून पडद्यासमोर बसवलं.

“हे बघा.”

पडद्यावर एका ओळीत तीन चित्रं होती. खाली मराठीत नावं. बचत. मध्यम. जोर.

“वीज वाचवायची सोय यात आधीपासून असते,” हेरंब म्हणाला. “पण ती खोल पुरून ठेवलेली. हे उघडा, मग ते उघडा, मग त्याच्या पोटातलं ते. सात क्लिक लागतात. मी ती सगळी वाट काढून टाकली. आता बचतवर एकदा टिचकी मारली की झालं. उजेड कमी होतो. दोन मिनिटं कुणी हात लावला नाही तर पडदा काळा. पाच मिनिटांनी यंत्र झोपतं. दोन तासांचे चार तास होतील, बाबा. कदाचित पाच.”

“सात क्लिक होते?”

“सात.”

“आता?”

“एक.”

बाबांनी मान डोलावली. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं.

“मग ते वाचलेले सहा,” त्यांनी विचारलं, “त्यांचं काय केलंस?”

हेरंबनं हसून माऊस पुढं ओढला. म्हाताऱ्या माणसाला हे समजणार नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

बाबा डोळे मिटून बसले.

“पाचवा... गायमुखाच्या वरचा.”

मग काही नाही.

हेरंब वाट बघत राहिला. बाहेर गोदाक्का तांदूळ पाखडत होती. दोन मिनिटं झाली आणि पडदा काळा पडला. हेरंबनं माऊस हलवला. पडदा उजळला.

“कोण आलं?” बाबांनी डोळे उघडले.

“कुणी नाही. मीच. पडदा गेला होता.”

“कुठं होतो मी?”

“तुम्ही... बोलला नव्हतात अजून काही.”

“बोललो नव्हतो. चालत होतो.” बाबांनी मोठा श्वास घेतला. “आता पुन्हा खालून यावं लागेल.”

हेरंबला तेव्हा कळलं, की नऊ दिवस तो ज्याला गप्प बसणं समजत होता ते चालणं होतं. थोरल्या बाबांनी प्रत्येक झरा पायी नेऊन दाखवला होता, आणि बाबांना तो तसाच आठवायचा. मधलं काही गाळता यायचं नाही. पायथ्यापासून निघायचं, चढायचं, दम लागला तर थांबायचं. पोचल्यावरच झरा दिसायचा.

“किती लांब आहे?” हेरंबनं विचारलं.

“चढ आहे.”

कळलं खरं. पण कळण्यानं हात थोडाच थांबतो?

पुढच्या चार दिवसांत त्यानं नाना उपाय केले. एक दिवस ‘जोर’ लावून ठेवला, म्हणजे पडदा काळा पडायलाच नको. बॅटरी दीड तासात बसली, इन्व्हर्टर कावळ्यासारखा ओरडायला लागला, आणि बाबा अर्ध्या चढावरून परत आले. शिवाय संध्याकाळी दिवा नाही म्हणून गोदाक्कानं भाकऱ्या चिमणीच्या उजेडात थापल्या. त्यातल्या दोन करपल्या, त्या तिनं बरोबर हेरंबच्या ताटात वाढल्या.

मग त्याला युक्ती सुचली. बाबा गप्प झाले की ‘बचत’. बाबांचे ओठ हलले की ‘मध्यम’. मधल्या वेळात पडदा काळा पडू नये म्हणून दर दीड मिनिटाला माऊस बोटभर सरकवायचा, अगदी हळू, आवाज न करता. एका क्लिकची सोय केली होतीच. यात तो हां हां म्हणता तरबेज झाला. बाबांच्या ओठांवरून त्याची नजर हलायची नाही. आणि खरोखरच झरे भराभर व्हायला लागले. पाचवा झाला, सहावा झाला, सातवा झाला. दहावा झाला त्या दिवशी त्यानं गोदाक्काला बोलावून निळ्या खुणा दाखवल्या.

“ही सोनारवाडी. ही वरची आळी. बघ, किती झाले.”

गोदाक्कानं पदराला हात पुसून पडद्याजवळ तोंड नेलं.

“आमची वाडी कुटंय?”

“भोकरवाडी... ही इथं.”

“तिथं न्हाय काय निळं.”

“उद्याचा तुमचाच,” बाबा मागून म्हणाले. “आंधळं पाणी म्हणतात त्याला. लांब आहे जरा.”

दुसऱ्या दिवशी गोदाक्कानं स्वयंपाक लवकर आवरला आणि दाराशी येऊन बसली.

बाबांनी डोळे मिटले. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. त्यांच्या कपाळावर घाम आला. काठीच्या मुठीवरची बोटं मध्येच घट्ट व्हायची, मध्येच सैल. हेरंब माऊस सरकवत होता. इन्व्हर्टरवरचा आकडा बघत होता. ‘बचत’वर जावं का आणखी थोडं थांबावं, याचा हिशोब मनात चालू होता.

वीस मिनिटं झाली.

बाबांचे ओठ हलले. हेरंबनं झटकन ‘मध्यम’वर टिचकी मारली. बाण नेमका शेजारच्या चित्रावर गेला, भलतीच चौकट उघडली, ती बंद करायला दोन क्षण गेले...

“काय म्हणालात बाबा?”

बाबांनी डोळे उघडले.

“ऐकलं नाहीस?”

“एवढंच निसटलं. पुन्हा सांगा ना.”

बाबांनी पडद्याकडं पाहिलं. बोट उचललं, नकाशावर आणलं, इकडून तिकडं नेलं. ते बोट कुठंच टेकेना.

“गोदा, तू ऐकलंस?”

“पुटपुटला नव्हं तुमी. मला काय ऐकाय आलं न्हाय.”

बाबांनी पुन्हा डोळे मिटले. अर्धा तास गेला. मग मान हलवली.

“फाट्यापर्यंत जातो... पुढं दोन वाटा आहेत. कुठली धरली होती ते दिसत नाही.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी तीनदा डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी चारदा. दर वेळी फाट्यावरून परत. चौथ्या खेपेनंतर ते दमून तिथंच घोंगडीवर आडवे झाले. त्यांच्या पायांना खरोखर पेटके आले होते. गोदाक्का त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावत बसली.

तेल लावता लावता ती मान वर न करता हेरंबला म्हणाली, “आमच्या वाडीचंच व्हतं ना त्ये?”

रागावली नव्हती. नुसतं विचारलं होतं. हेरंबला वाटलं, तिनं करपलेल्या भाकऱ्या वाढल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं अंगणात जाऊन पिशवी भरायला घेतली. कपडे भरले, वायरी गुंडाळल्या. त्याच्याइतका वेगवान माणूस या कामाला नको होता, हे आता उघड होतं. बाबा कधी आले ते त्याला कळलं नाही. अंगणातल्या जोत्यावर टेकून ते त्याचं वायर गुंडाळणं बघत होते.

“निघालास?”

“माझ्यामुळं गेला तो झरा.”

“हं.”

“तुम्ही रागवा तरी.”

“पाय दुखतायत रे. राग कुठून आणू?”

हेरंब वायर हातात धरून उभा राहिला.

“ते यंत्र,” बाबा म्हणाले, “तू म्हणतोस ते झोपतं. म्हणजे बंद होतं का?”

“नाही. बंद वेगळं. झोप वेगळी.”

“कसं ते?”

हे त्याचं क्षेत्र होतं. कितीही मन खट्टू असलं तरी उत्तर तोंडातून बाहेर पडलंच.

“बंद केलं की सगळं पुसून जातं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. झोपेत तसं नाही. जे उघडं होतं ते तसंच्या तसं आत राहतं. बोट लावलं की जिथं होतं तिथून पुढं.”

“काही हरवत नाही?”

“नाही.”

“आणि झोपेत वीज किती खातं?”

“नसल्यासारखीच.”

बाबांनी काठी जवळ ओढली.

“मग ते झोपायला लागलं की तू त्याला गदागदा हलवतोस कशाला?”

हेरंबनं हातातली वायर पिशवीत टाकली.

बाबा काठीवर भार देऊन उठले. “उद्या ऊन चांगलं पडणार आहे,” एवढं म्हणून आत गेले.

रात्रभर पिशवी अंगणातच राहिली. सकाळी ती दवानं भिजली होती. हेरंबनं त्यातून वायरी तेवढ्या काढल्या.

ऊन वर आलं. गोदाक्का शिडीवरून खाली उतरली आणि दाराशी बसली. बाबा पडद्यासमोर येऊन बसले. हेरंबनं नकाशा उघडला, ‘बचत’वर टिचकी मारली आणि सवयीनं माऊसवर हात ठेवला.

बाबांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला. जड, खरखरीत हात. तो तसाच उचलून त्यांनी हेरंबच्या मांडीवर ठेवला आणि सोडला नाही.

“चल,” म्हणाले.

“मी?”

“एकट्यानं फाट्यावर चुकायला होतं. दोघं जाऊ.”

हेरंबनं डोळे मिटले.

आधी काहीच दिसेना. नुसता इन्व्हर्टरचा आवाज. मग पंख्याची घरघर थांबली, म्हणजे यंत्र झोपलं. त्याची बोटं वळवळली. बाबांच्या हाताखाली ती दबून राहिली.

मग खालचा पायथा दिसला. तो त्याच्या ओळखीचा होता, दर आठवड्याला किराणा घेऊन तो तिथूनच चढायचा. देवळाचा पार. पाराच्या मागून वाट.

“पाय टाक,” बाबा म्हणाले.

त्यानं टाकला.

बराच वेळ गेला असावा. मुरमावरून पाय घसरतो ती जागा आली. एरवी तो ती दोन उड्यांत पार करायचा, पण बाबांचा हात हातात होता. त्यानं एकेक पाऊल टाकलं. मुरूम संपला.

“कुठं आहेस?”

“करवंदीच्या जाळीपाशी.”

“मी जरा पुढं आहे. ये.”

चढ लागला. हेरंबला खरंच धाप लागली. घरात बसल्याजागी दम लागतो याचं त्याला नवल वाटलं, आणि पुढच्या पावलाला तो नवल करायचंही विसरला. ऊन पाठीवर होतं. कुठंतरी होला घुमत होता, मठीबाहेर की डोंगरावर ते सांगता आलं नसतं.

“फाटा,” बाबा म्हणाले. “मी इथं थांबतो. मला पुढचं दिसत नाही. तू कधी आला होतास का इथं?”

“नाही.”

“बघ की नीट. घाई काय आहे?”

हेरंब फाट्यावर उभा राहिला. उजवी वाट रुंद होती. डावी गवतात शिरत होती. त्या गवतात एक सपाट खडक होता, माणसाच्या उंचीचा, आणि त्या खडकावर...

त्या खडकावर तो स्वतः उभा होता.

गेल्या चैत्रातला हेरंब. मठीत येऊन एकच दिवस झालेला. फोनला रेंज मिळेना म्हणून माळभर फिरत तो इथवर आला होता, खडकावर चढून हात उंच करून उभा राहिला होता. ऑफिसला निरोप गेला होता. खाली उडी मारताना त्याचा बूट चिखलात रुतला होता. नवा बूट. त्यानं चिडून तो उंबराच्या पानांनी पुसला होता. भर चैत्रात, सगळा डोंगर वाळून कोळ झालेला असताना, हिरवीगार पानं हाताशी होती. ती तोडली आणि फेकून दिली. चिखल इथं कुठून आला, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“बाबा...” हेरंब म्हणाला. “डावीकडं. खडकाच्या मागं उंबराचं झुडूप आहे. तिथं माझा बूट भिजला होता. चैत्रात.”

बाबांची बोटं त्याच्या हाताभोवती घट्ट झाली.

“डावी... हो. डावी. खडकाला वळसा. थोरले बाबा तिथं खाली बसले होते...” ते थांबले. चालत राहिले. हेरंबही चालत राहिला. “तीन दगड. एकावर एक. मधला काळा. त्याच्याखाली.”

मग बाबांनी हात सोडला.

हेरंबनं डोळे उघडले. पडदा कधीचा काळा झाला होता. त्यानं एक बोट लावलं. पंखा घुर्रकन फिरला आणि नकाशा जसाच्या तसा समोर आला, सोंडेची वाट, नऊ वाड्या, दहा निळ्या खुणा.

बाबांनी बोट टेकवलं. या वेळी ते फिरलं नाही.

एक तास होऊन गेला होता, आणि इन्व्हर्टरवर बघितलं, तर बॅटरी जेमतेम उतरली होती.

भोकरवाडीच्या सहा बायका, गोदाक्का आणि हेरंब पहारी घेऊन गेले. उंबर होतं. तीन दगड नव्हते, दरडीचा ढीग होता. दिवसभर ढीग उपसला, तेव्हा काळा दगड लागला. त्याच्याखाली नुसती ओल. हेरंबच्या तळहातांना फोड आले. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि पहारी खांद्यावर टाकल्या.

“उद्या येऊ,” गोदाक्का म्हणाली.

“उद्या असेल का?” हेरंबनं विचारलं.

“ओल हाय म्हंजी वाटंवर असंल. बाबांवानी. म्हातारं पाणी हाय त्ये.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, काळ्या दगडाच्या पोटातून, करंगळीएवढी धार निघाली. आधी तांबडी. मग गढूळ. गोदाक्कानं खाली हंडा लावला आणि सगळ्या जणी तिथंच फतकल मारून बसल्या. कुणी शिदोरी सोडली. हंडा भरायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात हेरंबनं वेळ बघितली नाही. वाडीतल्या कुणाच्या लग्नात कुणाचा फेटा विहिरीत पडला होता, ती हकिगत तो पोट धरून ऐकत होता. चटणी-भाकरी झणझणीत होती. ऊन छान होतं.

तिसऱ्या दिवशी धार निवळ झाली. त्यानं तांब्या भरून बाबांना नेऊन दिला.

बाबांनी दोन घोट घेतले. तिसरा घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

“तेच आहे,” म्हणाले.

गोदाक्कानं देवापुढं गुळाचा खडा ठेवला. हेरंब पडद्यासमोर जाऊन बसला. अकरावी खूण निळी झाली होती. त्याच्या अंगात उत्साह मावत नव्हता.

“बसा बाबा. आज बारावा घेऊ.”

बाबा बसले.

“आज तू ने.”

“कुठं?”

“अकराव्याला.”

“पण तो झाला की. हा बघा, नकाशावर आहे. आता कुणी विसरणार नाही.”

“म्हणून तर,” बाबा म्हणाले. “खूण उरेल, वाट विसरतील. ने मला.”

हेरंबनं त्यांच्याकडं पाहिलं. मग ‘बचत’वर टिचकी मारली, माऊस लांब सरकवला आणि बाबांचा हात आपल्या हातात घेतला.

त्यानं डोळे मिटले.

पार. पारामागची वाट. पडदा काळा पडला असेल. पंख्याची घरघर थांबली. मुरूम आला. करवंदीची जाळी आली. हेरंबला मनातल्या मनात हसू फुटत होतं. वाट आता त्याची झाली होती. चढाला त्याला दम लागला नाही. फाटा दिसला. उंबर दिसलं. खडकामागून धारेचा आवाजही यायला लागला, आणि त्याची पावलं आपोआप उचलली गेली...

तेवढ्यात मागून हात ओढला गेला.

“जरा हळू रे,” बाबा म्हणाले. “मागं म्हातारा माणूस आहे.”